लोकल रेडिओ, लोकल टीव्ही: यातलं 'लोकल' नेमकं कुणाचं?

(पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.)

ऑगस्ट 2019. कृष्णेला महापूर आलेला. गावात लाईट नाही, मोबाईलचे टॉवर एकेक करून बंद पडत चाललेले. ज्यांच्या फोनमध्ये थोडी चार्जिंग शिल्लक होती, त्यांच्या व्हॉट्सॲपवर 'धरणाला तडा गेला' इथपासून 'पूल वाहून गेला' इथपर्यंत वाट्टेल ते येत होतं. अशात आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी माळ्यावरचा सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर काढला. आकाशवाणीचं पुढचं बुलेटिन यायला वेळ होता. काटा फिरवता फिरवता एक खासगी एफएम लागलं. आवाज एकदम खणखणीत. आणि त्यावर गाणं चालू होतं.

आजोबा मला म्हणाले, "तू पेपरवाला ना? मग सांग, एवढं चांगलं मशीन आहे यांच्याकडं, पाणी कुठवर आलंय ते का सांगत नाहीत?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते द्यायची लाज वाटली. आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बुलेटिन जसंच्या तसं लावता येतं. प्रशासनानं पाठवलेल्या सूचना वाचून दाखवता येतात, अगदी आपत्तीच्या काळातल्यासुद्धा. पण स्वतःचा माणूस पुलावर पाठवून 'आत्ता पाणी इथं आहे' असं सांगायचं, तर ती बातमी झाली, आणि ते चालत नाही. बातमी द्यायची नाही म्हणून स्टेशनला बातमीदार नाही. बातमीदार नाही म्हणून पुराच्या रात्री सांगायला कुणी नाही. आणि वर्षानुवर्षं या नियमाला धक्का लागलेला नाही.

का लागला नाही? लोकल स्टेशनवाल्यांच्या बाजूनं भांडतं तरी कोण? हे शोधायला लागलो तेव्हा थेट अमेरिकेत जाऊन पोचलो, शंभर वर्षं मागं. कारण लोकल रेडिओ आणि टीव्ही स्टेशनवाल्यांची जगातली सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात वजनदार संघटनांपैकी एक तिथं आहे. नाव 'नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स', थोडक्यात एनएबी. तिचा इतिहास वाचताना मला कधी हेवा वाटला, तर कधी रागही आला. दोन्ही सांगतो.

संघटना बहुतेक वेळा तत्त्वातून जन्माला येत नाहीत, बिलातून येतात. आपल्याकडं व्यापारी कधी एकत्र येतात? नवा कर लागला की. तिथंही तसंच झालं. 1922 संपेपर्यंत अमेरिकेत पाचशेच्या वर रेडिओ स्टेशनं झाली होती. कुणाचं वर्तमानपत्राचं, कुणाचं कॉलेजचं, कुणाचं चर्चचं, कुणाचं मोठ्या दुकानाचं. सगळे गाणी वाजवायचे, फुकट. मग गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची 'आस्कॅप' ही 1914 पासूनची संस्था पुढं आली आणि म्हणाली, गाणी आमची आहेत, वर्षाला फी भरा. स्टेशनवाल्यांचं म्हणणं, आम्ही तर तुमच्या गाण्यांची जाहिरात करतोय. या भांडणातून 1923 मध्ये शिकागोत काही स्टेशनवाले एकत्र बसले आणि एनएबी उभी राहिली. पहिले अध्यक्ष यूजीन मॅकडोनाल्ड, रेडिओ सेट बनवणाऱ्या झेनिथ कंपनीचे.

या मॅकडोनाल्डसाहेबांची आणखी एक करामत आहे. सरकारनं दिलेल्या वेळा आणि लहरी त्यांना पुरेनात, म्हणून त्यांच्या स्टेशननं कॅनडासाठी राखून ठेवलेल्या लहरीवर उडी मारली. सरकार कोर्टात गेलं आणि 1926 मध्ये हरलं. कोर्ट म्हणालं, मंत्र्याला असा मज्जाव करण्याचा अधिकारच कायद्यात नाही. झालं! ज्याला जी लहर आवडली ती त्यानं धरली. एकावर एक आवाज, कुणाचंच काही ऐकू येईना. शेवटी स्टेशनवालेच म्हणायला लागले की बाबांनो, कायदा करा.

1927 मध्ये रेडिओ कायदा झाला. पुढं 1934 च्या कायद्यानं एफसीसी ही नियामक संस्था आली. या कायद्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, लहरी कुणाच्या मालकीच्या नाहीत. परवाना ठरावीक काळापुरता मिळेल, आणि तो 'लोकहित, सोय आणि गरज' पाहून. दोन, परवाने सगळ्या राज्यांत आणि गावागावांत न्याय्य पद्धतीनं वाटायचे. म्हणजे अमेरिकेतला परवाना एका ठरावीक गावाशी बांधलेला. पुढं स्टुडिओसुद्धा त्या भागातच हवा असा नियम आला.

एनएबीची खरी ताकद इथून आली, असं मला वाटतं. 'लोकल' हा शब्द तिथं नुसता जाहिरातीतला नव्हता, परवान्याच्या कागदावर होता. प्रत्येक खासदाराच्या मतदारसंघात कुठलं ना कुठलं स्टेशन होतंच. निवडणूक आली की त्या खासदाराला त्याच स्टेशनवर जायचं असायचं. संघटनेला राजधानीत फार ओरडावं लागायचं नाही. गावातला स्टेशनमालक आपल्या खासदाराला फोन करायचा. आपल्याकडं साखर कारखान्यांचं वजन जसं चालतं, साधारण तसंच.

आता जरा बातम्यांकडं येऊ, कारण आपलं दुखणं तेच आहे. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना वाटायला लागलं की रेडिओ आपल्या बातम्या आणि जाहिराती दोन्ही खातोय. त्यांनी वृत्तसंस्थांवर दबाव आणला. डिसेंबर 1933 मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात बैठक झाली आणि मोठ्या रेडिओ नेटवर्कना एक करार गिळावा लागला. दिवसाला फक्त दोन बुलेटिन, प्रत्येकी 5 मिनिटांची. सकाळचं साडेनऊनंतर, रात्रीचं नऊनंतर, म्हणजे लोकांचे पेपर वाचून झाल्यावर. प्रत्येक बातमी 30 शब्दांच्या आत. बुलेटिनला जाहिरातदार घ्यायचा नाही. मी स्वतः पेपरवाला आहे, पण हे वाचून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

हा करार मोडला कुणी? मोठ्या नेटवर्कनी नाही, त्यांनी तर सह्या केल्या होत्या. तो मोडला नेटवर्कबाहेरच्या छोट्या, स्वतंत्र स्टेशनांनी. आम्ही कुठं सही केलीय, असं म्हणत ते नव्या वृत्तसंस्थांकडून बातम्या विकत घ्यायला लागले. गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर 1935 मध्ये जुन्या वृत्तसंस्थांपैकी दोघींनी आपणहून रेडिओला बातम्या विकायला काढल्या. करार कागदावर राहिला. बातमीवरची बंदी गावपातळीवरच्या हट्टामुळं उठली, हे लक्षात ठेवा.

संघटनेचा सगळ्यात गाजलेला लढा मात्र परत गाण्यांवरूनच झाला. आस्कॅपनं फी वाढवायची ठरवली, तेव्हा 1939 मध्ये स्टेशनवाल्यांनी स्वतःचीच संगीत संस्था काढली, 'बीएमआय'. 1 जानेवारी 1941 पासून नेटवर्कवर आस्कॅपचं एकही गाणं वाजेना. लोकप्रिय गाणी जवळजवळ सगळी आस्कॅपकडं. मग वाजवायचं काय? कॉपीराइट संपलेली जुनी गाणी. स्टीफन फॉस्टर या एकोणिसाव्या शतकातल्या गीतकाराचं एकच गाणं इतक्या वेळा वाजलं की लोक वैतागले. पण स्टेशनवाले हटले नाहीत. दहाएक महिन्यांनी आस्कॅप कमी दरावर तडजोडीला तयार झाली.

यातून एक चांगली गोष्ट आपसूक घडली. आस्कॅपचा सगळा कारभार न्यूयॉर्क आणि हॉलिवूडच्या गाण्यांचा. दक्षिणेतले गावाकडचे गायक, काळे ब्लूज गाणारे, लॅटिन संगीतवाले, यांना तिथं फारसा थारा नव्हता. बीएमआयला तर गाणी हवीच होती, तिनं या सगळ्यांना दार उघडलं. कंट्री आणि रिदम अँड ब्लूज पुढं देशभर पोचले, त्यात या भांडणाचा वाटा आहे. मालकांना पैसे वाचवायचे होते, आणि मिळाला मात्र गावाकडच्या गाण्याला मंच.

आता राग कशाचा आला ते सांगतो.

1934 चा कायदा होत असताना वॅग्नर आणि हॅटफिल्ड या दोन सिनेटरांनी एक दुरुस्ती मांडली होती. एकूण रेडिओ सुविधांपैकी 25 टक्के शिक्षण, धर्म, शेती, कामगार अशा नफा न कमावणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवा, अशी. आधी कॉलेजांची पुष्कळ स्टेशनं होती, ती व्यापारी स्टेशनांपुढं बंद पडत चालली होती. या दुरुस्तीला सगळ्यात जोरात विरोध केला तो एनएबीनं. युक्तिवाद असा की, शिक्षणाला लागेल तेवढा वेळ आम्हीच देतो की, वेगळं आरक्षण कशाला? दुरुस्ती पडली. गावातली स्टेशनं वाचवायची म्हणणाऱ्या संघटनेनं गावातल्याच कॉलेजाचा आवाज राखायला विरोध केला.

दुसरी गोष्ट मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराची. तिथं डब्ल्यूएलबीटी नावाचं टीव्ही स्टेशन होतं. परवाना गावचा, स्टुडिओ गावात. सगळ्या अर्थानं लोकल. प्रेक्षकांपैकी जवळपास 45 टक्के लोक काळे. पण काळ्या लोकांच्या हक्कांचा विषय नेटवर्कच्या कार्यक्रमात आला की हे स्टेशन तो भाग कापायचं. 1955 मध्ये थर्गुड मार्शल, जे पुढं सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले, ते पडद्यावर आले तेव्हा 'क्षमस्व, केबलमध्ये बिघाड' अशी पाटी झळकली, असं सांगतात. 1964 मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेच्या एव्हरेट पार्कर यांनी स्थानिक लोकांना सोबत घेऊन गुपचूप त्या स्टेशनचं प्रक्षेपण पाहिलं, नोंदी केल्या आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. एफसीसी म्हणाली, तुम्ही नुसते प्रेक्षक, तुम्हाला इथं उभं राहायचा हक्क नाही. पैशाचं नुकसान झालेल्या किंवा लहरीत अडथळा आलेल्या माणसानंच यायचं.

1966 मध्ये अपील कोर्टानं हे उलटवलं. निकाल लिहिला वॉरन बर्गर यांनी, जे नंतर अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. लहरी लोकांच्या असतील, तर ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या लोकांना परवान्याच्या सुनावणीत बोलायचा हक्क असलाच पाहिजे, असा त्याचा गाभा. 1969 मध्ये तो परवाना रद्द झाला. मालक गावचा असला म्हणून आवाज गावाचा होतोच असं नाही. हे ठणकावून सांगितलं ते प्रेक्षकांनी. मालकांच्या संघटनेकडून ते येणारही नव्हतं.

तरीही संघटनेच्या बाजूनं एक मोठी गोष्ट सांगायलाच हवी. 1990 च्या आसपास निम्म्याहून जास्त अमेरिकन घरांत केबल पोचली होती. केबल कंपनीनं लोकल स्टेशन दाखवायचंच नाही ठरवलं, तर त्या स्टेशनचे निम्मे प्रेक्षक गेले. एनएबीनं जोर लावला आणि 1992 मध्ये कायदा झाला. केबल कंपनीनं लोकल स्टेशन दाखवलंच पाहिजे, किंवा स्टेशनला हवं असेल तर मोबदला ठरवून त्याची परवानगी घेतली पाहिजे. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी हे विधेयक नाकारलं, पण काँग्रेसनं त्यांचा नकार उलथवला. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत त्यांचा नकार उलथला तो या एकदाच. केबलवाले सुप्रीम कोर्टात गेले. 1997 मध्ये 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या मतांनी कायदा टिकला. अँटेना लावून टीव्ही पाहणाऱ्या गरीब घरालाही लोकल स्टेशन जगायला हवं, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला.

पण त्याच दशकात दुसरीकडं उलटं घडत होतं. 1996 च्या दूरसंचार कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा काढून टाकली. आधी ती 40 होती. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडं 1200 हून जास्त स्टेशनं झाली. नॉर्थ डकोटा राज्यातल्या मायनॉट या छोट्या शहरातली सहाच्या सहा व्यापारी स्टेशनं तिचीच. 18 जानेवारी 2002 च्या मध्यरात्रीनंतर तिथं मालगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनियाचा ढग शहरावर पसरला. एक जण मेला, शेकडोंना त्रास झाला. पोलिसांनी स्टेशनला फोन लावले, पण संपर्क होईना. कंपनीचं म्हणणं असं की माणूस ड्युटीवर होता, लोकांच्या फोनमुळं लाईन जाम झाल्या, आणि पोलिसांनी आपत्तीची सूचना यंत्रणा नीट बसवून वापरलीच नाही. चूक कुणाची यावर वाद आहे. पण त्या रात्री शहराला रेडिओवरून वेळेत काही कळलं नाही, यावर वाद नाही. हे वाचताना मला आमचे आजोबा आणि त्यांचा ट्रान्झिस्टर आठवले.

त्याच सुमारास, जानेवारी 2000 मध्ये, एफसीसीनं छोट्या स्टेशनांची एक योजना आणली. 100 वॅटपर्यंतची ताकद, साधारण साडेपाच किलोमीटर पल्ला, नफा नाही. शाळा, चर्च, वस्त्या, शेतकरी यांच्यासाठी. यापेक्षा लोकल काय असणार? एनएबीनं याला कडाडून विरोध केला. या स्टेशनांमुळं आमच्या आवाजात खरखर येईल, असं म्हणत तशा खरखरीची सीडी खासदारांना वाटली. ती सीडी दिशाभूल करणारी आहे, असं एफसीसीच्याच इंजिनिअरांनी सांगितलं. तरी डिसेंबर 2000 मध्ये काँग्रेसनं योजनेचे पंख कापले. पुढं काँग्रेसनंच सांगितल्यावरून स्वतंत्र तांत्रिक अभ्यास झाला. सांगण्यासारखा अडथळा येत नाही, असं 2003 मध्ये निघालं. कायदा दुरुस्त व्हायला जानेवारी 2011 उजाडला. त्या दहा वर्षांत कितीतरी छोटी स्टेशनं सुरूच झाली नाहीत. आणि 2017 मध्ये, स्टुडिओ गावातच हवा हा जुना नियम एफसीसीनं काढून टाकला, तेव्हा एनएबीनं त्याचं स्वागत केलं.

आज हीच संघटना अमेरिकेत सांगतेय की नव्या मोटारींतून एएम रेडिओ काढू नका, कारण संकटात तोच उपयोगी पडतो. मुद्दा खरा आहे. फोर्ड कंपनीनं 2023 मध्ये आपला निर्णय मागं घेतला, संसदेत दोन्ही पक्षांचे लोक विधेयकामागं उभे राहिले. ताकद म्हणतात ती अशी.

माझ्यापुरता निष्कर्ष साधा आहे. मालकांची संघटना परवाना सांभाळते. कधी परवाना सांभाळता सांभाळता गावाचंही भलं होतं, तर कधी गावच आडवं येतं आणि मग ती गावाच्या विरोधात उभी राहते. वाईट म्हणून नाही, ती मालकांची आहे म्हणून. त्यामुळं संघटना हवीच, पण तिच्या समोर ऐकणारे-पाहणारे लोकही हवेत.

आता आपल्याकडं बघू. 9 फेब्रुवारी 1995 रोजी आपल्या सुप्रीम कोर्टानं क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरच्या खटल्यात सांगितलं की लहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या मराठी माणसानं. 2001 पासून खासगी एफएम आलं, पण बातमी बाहेरच ठेवून. आपल्याकडंही एफएमवाल्यांची संघटना आहे, 'असोसिएशन ऑफ रेडिओ ऑपरेटर्स फॉर इंडिया'. गाण्यांच्या रॉयल्टीवरून आपल्या एफएम कंपन्याही भांडल्या, आणि 2010 मध्ये कॉपीराइट बोर्डानं जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या 2 टक्के दर ठरवून दिला. म्हणजे बिलाची लढाई आपल्याकडंही जोरात झाली. बातमीच्या लढाईचं काय? सप्टेंबर 2023 मध्ये ट्रायनं शिफारस केली की खासगी एफएमला तासाला 10 मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे. निर्णय मंत्रालयाचा.

आणि टीव्ही? इथं मला स्वतःबद्दल दोन वाक्यं लिहावी लागतील. डिप्लोमा झाल्यावर काही वर्षं मी आमच्या केबलच्या लोकल चॅनेलवर रोज संध्याकाळी 15 मिनिटांचं बुलेटिन करायचो. पाणी कधी येणार, नगरपालिकेच्या सभेत कोण काय बोललं, कुठल्या शाळेचं छप्पर गळतंय. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, मागं पडदा निळ्या चादरीचा. पण दुसऱ्या दिवशी नगरसेवक रस्त्यात अडवून भांडायचे, म्हणजे बघत होते.

मग केबलचं डिजिटायझेशन आलं. शेवटचा टप्पा मार्च 2017 ला पूर्ण झाला. सेट-टॉप बॉक्स आले, चित्र स्वच्छ झालं. पण सिग्नल आता शहरातल्या मोठ्या कंपनीकडून यायला लागला. गावातला केबलवाला स्वतःच्या टेबलावरून चॅनेल सोडू शकेना. लोकल चॅनेल हवं तर वरच्या कंपनीकडून जागा घ्या, पैसे भरा. त्याला ते परवडलं नाही. एका शुक्रवारी आमचं बुलेटिन बंद झालं.

आपल्या कायद्यात केबलवाल्यांना दूरदर्शनची ठरावीक चॅनेल दाखवणं सक्तीचं आहे. गावाच्या बातम्यांसाठी तसं काही नाही. केबलवाल्यांच्या संघटना होत्या, पण त्यांची भांडणं दराची आणि वाट्याची. बुलेटिन कुणाच्याच मागण्यांच्या यादीत नव्हतं. आम्ही पत्रकारांनी एक साधं निवेदन दिलं नाही. प्रेक्षकांनीही विचारलं नाही. आठवड्याभरात सगळे विसरले. यात मी स्वतःला सोडत नाही.

कम्युनिटी रेडिओचं धोरण 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. आपल्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. माणदेशी बोलीत, माणदेशी बायकांच्या आवाजात कार्यक्रम होतात. पण बातमी द्यायची म्हटली की त्यांनाही आकाशवाणीचीच. दुष्काळी तालुक्यातल्या रेडिओनं चारा छावणीत काय चाललंय याची बातमी स्वतः करायची नाही, हे कुठल्या लोकहितात बसतं?

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत. एक, एफएम आणि कम्युनिटी रेडिओला निदान स्थानिक बातम्या देऊ द्या. आकाशवाणीला लागू असलेली आचारसंहिता लावा, पण देऊ द्या. दोन, डिजिटल केबलवर प्रत्येक तालुक्यासाठी एका लोकल चॅनेलची जागा परवडेल अशा दरात ठेवा. तीन, परवान्याचं नूतनीकरण होताना त्या भागातल्या लोकांचं म्हणणं ऐकून घ्या. पहिल्या दोन मागण्या मालकांच्या संघटना कदाचित करतील. तिसरी त्या कधीच करणार नाहीत. ती आपल्यालाच करावी लागेल.

आपल्या खासदारांना एक पत्र लिहायचा विचार आहे. मसुदा मी करतो. तोवर कमेंटमध्ये एवढंच सांगा: तुमच्या गावात केबलवर लोकल बातम्या लागायच्या का, आणि त्या कधी बंद झाल्या? गावाचं नाव आणि आठवत असेल तर साल लिहा. यादी झाली की पत्राला जोडतो.

आजोबा गेल्या वर्षी वारले. ट्रान्झिस्टर त्यांच्या नातवानं जपून ठेवलाय. सेल घातले की अजून वाजतो.